बॅटरी बदलण्याआधी ग्राहकाला पुरावा मिळाला पाहिजे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळ्याचा जोर वाढला की अकोल्यासारख्या शहरातील मोबाइल दुरुस्तीच्या दुकानांत ठरावीक तक्रारी घेऊन येणाऱ्यांची गर्दी होते. फोन चार्जच होत नाही, झाला तर फार हळू होतो, सकाळी पूर्ण भरलेला फोन दुपारपर्यंत संपतो, किंवा वीस-पंचवीस टक्के चार्ज दिसत असताना अचानक बंद पडतो. या चारही तक्रारींवर बहुतेक दुकानांत एकच निदान ऐकू येते, ‘बॅटरी गेली’. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत शिल्प निदेशक म्हणून इलेक्ट्रॉनिक्स शिकवण्यात माझी सारी नोकरी झाली आणि माझे अनेक विद्यार्थी आज याच व्यवसायावर घर चालवतात, त्यामुळे दुकानदारांविषयी मला आपुलकीच आहे. तरीही स्पष्ट सांगितले पाहिजे की या चार तक्रारींची कारणे वेगवेगळी असतात, त्यांपैकी फक्त शेवटची तक्रार बॅटरीकडे सरळ बोट दाखवते, आणि उरलेल्या तिन्हींत तपासणी न करता बॅटरी बदलली तर ग्राहकाचे पैसे जातात व मूळ दोष तसाच राहतो. बॅटरी खराब आहे असे सांगणाऱ्याने ते दाखवूनही दिले पाहिजे, एवढीच माझी मागणी आहे. ती का वाजवी आहे आणि वाचकांना घरच्या घरी काय तपासता येईल, हे सविस्तर मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

हा प्रश्न आता केवळ सोयीचा राहिलेला नाही. शेतकऱ्याला ई-पीक पाहणीसाठी स्वतःच्या शेतात उभे राहून फोनवरच पिकाचे छायाचित्र घ्यावे लागते, अंगणवाडी सेविकेला पोषण ट्रॅकर या ॲपवर नोंदी कराव्या लागतात, आणि भाजी विकणाऱ्या बाईचे दिवसभराचे पैसे फोनवरूनच जमा होतात. २०२१ मध्ये राज्यातील अंगणवाडी सेविकांनी शासनाने दिलेले फोन परत करण्याचे आंदोलन केले, तेव्हा फोन वारंवार बिघडतात आणि दुरुस्तीचा खर्च आमच्याच माथी येतो, ही त्यांची एक मुख्य तक्रार होती. ज्यांना नवा फोन घेणे परवडत नाही त्यांनाच चुकीच्या निदानाचा खर्च सर्वांत जड जातो.

तपासणीची सुरुवात चार्जिंगच्या पोर्टपासून करावी. दुकानांत ज्याला सर्रास ‘चार्जिंग पिन’ म्हणतात त्या यूएसबी-सी पोर्टच्या मध्यभागी एक पातळ पट्टी असते आणि तिच्या दोन्ही बाजूंवर मिळून २४ संपर्कबिंदू असतात. खिशातील कापडाचे तंतू, धूळ आणि आमच्या भागात जिनिंगवर किंवा कापूस वेचणीला जाणाऱ्यांच्या बाबतीत कापसाचे बारीक तंतू या पोर्टमध्ये शिरतात, आणि दर वेळी केबल खुपसली की ते आत तळाशी दाबले जाऊन त्यांचा घट्ट थर बनतो. मग केबल पूर्ण आत बसत नाही, तिचा थोडा भाग बाहेर राहतो, ती हलकेच ओढली तरी निघते, किंवा एका विशिष्ट कोनात धरली तरच चार्जिंग सुरू होते. ही लक्षणे असतील तर बॅटरीला हात लावण्याचे काहीच कारण नाही. फोन पूर्ण बंद करावा, विजेरीच्या उजेडात पोर्ट पाहावे आणि कोरड्या लाकडी किंवा प्लास्टिकच्या दातकोरणीने कडेकडेने अलगद तो थर उकरून काढावा. सुई, टाचणी, सिमकार्ड काढायची पिन यांपैकी काहीही वापरू नये, कारण धातूने मधली पट्टी वाकते किंवा दोन बिंदू एकमेकांना जोडले जातात. तोंडाने फुंकर मारणेही टाळावे, कारण तिच्याबरोबर ओलावा आत जातो. स्वच्छ केल्यावर आणि नव्या केबलनेही जोड सैलच राहत असेल तर पोर्ट झिजले आहे असे समजावे; अनेक अँड्रॉइड फोनांत ते मुख्य बोर्डापासून वेगळ्या अशा लहान सब-बोर्डावर असते आणि तेवढाच भाग बदलता येतो.

पावसाळ्यात किंवा घामाने पोर्ट ओले झाले तर बरेच फोन ओलाव्याची सूचना देऊन चार्जिंग थांबवतात. ही सूचना म्हणजे बिघाड नसून संरक्षण आहे. ओल्या बिंदूंमधून वीज वाहिली तर ते गंजतात आणि मग पोर्ट कायमचे निकामी होते. पोर्टचे तोंड खाली करून फोन हलकेच थोपटावा आणि हवा खेळती असलेल्या कोरड्या जागी काही तास ठेवावा. तांदळाच्या डब्यात फोन ठेवण्याचा उपाय घरोघरी सांगितला जातो, परंतु तांदळाचे कण आत जाऊन नुकसान करू शकतात म्हणून तसे करू नये, असे ॲपलने स्वतःच्या सूचनांमध्ये लिहिलेले आहे.

पोर्ट ठीक असेल तर केबल, ॲडॉप्टर आणि भिंतीवरील सॉकेट या तीन वस्तू एकेक करून बदलून पाहाव्यात. तिन्ही एकदम बदलल्या तर दोष कशात होता ते कळत नाही, म्हणून एका वेळी एकच. इथे थोडे गणित सांगणे भाग आहे, कारण ‘फार हळू चार्ज होतो’ या तक्रारीचा उलगडा बहुधा या गणितातच होतो. आजच्या साधारण फोनची बॅटरी ५००० मिलिअँपिअर-तासांची असते आणि तिचे सरासरी व्होल्टेज सुमारे ३.८५ असते, म्हणजे तिच्यात साधारण १९ वॅट-तास ऊर्जा मावते. जुन्या फोनबरोबर आलेला ५ व्होल्ट १ अँपिअरचा ॲडॉप्टर तासाला ५ वॅट-तासच देतो, त्यामुळे वाटेतील तूट धरून हा फोन भरायला साडेचार ते पाच तास लागणारच. संगणकाच्या जुन्या यूएसबी २.० पोर्टला फोन जोडला तर प्रमाणित मर्यादा अर्ध्या अँपिअरची आहे. त्यावर फोन भरायला रात्र जाते, आणि स्क्रीन चालू ठेवून काही पाहत बसलो तर टक्के वाढण्याऐवजी कमीही होऊ शकतात. यात बॅटरीचा काहीच दोष नाही.

केबलचेही तसेच आहे. स्वस्त केबलमध्ये तांब्याच्या तारा बारीक असतात आणि त्यांचा रोध, म्हणजे विजेच्या वाटेतील अडथळा, जास्त असतो. जाण्या-येण्याचा मिळून पाव ओहम रोध असलेल्या केबलमधून २ अँपिअर वाहू लागले की अर्धा व्होल्ट केबलमध्येच खर्च होतो, म्हणजे ५ व्होल्टपैकी दहावा हिस्सा फोनपर्यंत पोहोचतच नाही. व्होल्टेज घसरलेले दिसताच फोन स्वतःहून कमी प्रवाह घेतो आणि चार्जिंग मंदावते. जलद चार्जिंगची गोष्ट आणखी निराळी आहे. त्यासाठी फोन आणि ॲडॉप्टर यांच्यात आधी संकेतांची देवाणघेवाण व्हावी लागते, आणि कित्येक कंपन्यांची ही पद्धत त्यांची स्वतःची असते. एका कंपनीचा ६७ वॅटचा ॲडॉप्टर दुसऱ्या कंपनीच्या फोनला लावला तर बऱ्याचदा दोघांचे संकेत जुळत नाहीत आणि चार्जिंग साध्या ५ व्होल्टांवर हळू होत राहते. त्यातच २०२० नंतर अनेक कंपन्यांनी खोक्यातून ॲडॉप्टर देणे बंद केले, त्यामुळे घरात जो सापडेल तो ॲडॉप्टर आणि रस्त्यावर जी मिळेल ती केबल यांवर फोन चालू लागले. ॲडॉप्टरवर बारीक अक्षरांत छापलेली ‘आउटपुट’ची ओळ वाचण्याची सवय प्रत्येकाने लावून घ्यावी, असे मला वाटते, ती ओळ वाचता आली तर हळू चार्जिंगच्या अनेक तक्रारी घरातच मिटतील.

विजेच्या कमी दाबाला मात्र विनाकारण दोष दिला जातो. बहुतेक ॲडॉप्टर १०० ते २४० व्होल्ट या सगळ्या पट्ट्यात चालतात, त्यामुळे खेड्यात संध्याकाळी दिवे मिणमिणत असले तरी फोन चार्ज होतो. नुकसान होते ते भारनियमनानंतर वीज येताना बसणाऱ्या झटक्याने आणि सैल सॉकेटमध्ये उडणाऱ्या ठिणग्यांनी. वीज गेल्याबरोबर ॲडॉप्टर काढून ठेवणे आणि ती आल्यावर थोड्या वेळाने लावणे, एवढी काळजी पुरेशी असते.

फोन पूर्ण संपून काही दिवस तसाच पडला असेल तर चार्जरला लावल्यावर तो बराच वेळ काहीच दाखवत नाही आणि लोक घाबरून दुकान गाठतात. फोनमधल्या लिथियम-आयन बॅटरीचे व्होल्टेज सुमारे ३ च्या खाली गेले की चार्जिंगची व्यवस्था मुद्दाम अगदी थोडा प्रवाह देऊन सुरुवात करते. अशा फोनला चांगल्या ॲडॉप्टरवर अर्धा-पाऊण तास निवांत राहू द्यावे, मगच निष्कर्ष काढावा.

आता उष्णतेविषयी. विदर्भात राहणाऱ्यांसाठी हाच सगळ्यांत महत्त्वाचा भाग आहे, आणि याविषयी सर्वांत कमी बोलले जाते. ॲपलच्या सूचनापुस्तिकेत फोन वापरण्यासाठी ० ते ३५ अंश सेल्सिअस हवामान योग्य म्हणून दिले आहे. अकोला, चंद्रपूर, नागपूर येथे मे महिन्यात सावलीतले तापमान ४४-४५ अंशांवर जाते. म्हणजे आमच्याकडे फोन खिशात ठेवलेला असतानाच तो या मर्यादेच्या दहा अंश वर असतो. चार्जिंगची, खेळांची किंवा व्हिडिओची उष्णता त्यात अजून मिळवायची आहे. बॅटरीचे स्वतःचे तापमान ४५ अंशांच्या आसपास गेले की बहुतेक फोनांतील नियंत्रण व्यवस्था चार्जिंगचा प्रवाह कमी करते आणि त्याही पुढे गेल्यास चार्जिंग थांबवते. दुपारी दोन वाजता पत्र्याच्या शेडमध्ये ‘फोन चार्ज होत नाही’ म्हणून आलेला ग्राहक रात्री गच्चीवर त्याच चार्जरने तोच फोन भरू शकतो. त्यामुळे दुकानात जाण्यापूर्वी तोच फोन, कव्हर काढून, सकाळच्या थंड वेळी एकदा चार्ज करून पाहावा. तेव्हा व्यवस्थित चार्ज झाला तर बिघाड फोनमध्ये नाही, हवेत आहे.

परंतु उष्णतेने केवळ तात्पुरती अडचण होते असे नाही. बॅटरीतील रासायनिक क्षय तापमानाबरोबर वेगाने वाढतो, आणि बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर आणखी वाढतो. कॅनडातील कॅडेक्स या कंपनीच्या ‘बॅटरी युनिव्हर्सिटी’ या संकेतस्थळावरील तक्ता सांगतो की २५ अंशांवर, ४० टक्के भरून ठेवलेल्या लिथियम-आयन बॅटरीत एका वर्षानंतर मूळ क्षमतेच्या ९६ टक्के क्षमता शिल्लक राहते. तीच बॅटरी ४० अंशांवर, पूर्ण भरून ठेवली तर ६५ टक्केच राहते. न वापरता नुसत्या ठेवलेल्या बॅटरीचा हा हिशेब आहे. मोटारसायकलच्या हँडलवर उन्हात फोन लावून चार्जिंग चालू ठेवणारे डिलिव्हरीचे काम करणारे तरुण, गाडीच्या डॅशबोर्डवर फोन ठेवून नकाशा पाहणारे चालक, उशीखाली फोन चार्जिंगला लावून झोपणारे विद्यार्थी, हे सारे नकळत त्या तक्त्यातील वाईट रकान्यात जाऊन बसतात. रात्रभर चार्जरला लावल्याने बॅटरीत जास्तीची वीज भरली जाते हा समज खरा नाही, कारण पूर्ण भरताच फोन चार्जिंग थांबवतो. हानी होते ती गरम जागी, शंभर टक्क्यांवर तासन्‌तास राहिल्याने. अलीकडच्या अनेक फोनांत ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवण्याची सोय आहे. विदर्भ-मराठवाड्यातील वाचकांनी निदान मार्च ते जून तरी ती चालू ठेवावी. आणि तापलेला फोन गार करण्यासाठी फ्रीजमध्ये मात्र कधीही ठेवू नये, कारण आतल्या आत पाण्याचे बाष्प धरते.

पूर्ण भरलेला फोन दुपारपर्यंत संपतो, या तिसऱ्या तक्रारीत आधी सेटिंग्जमधील बॅटरीच्या वापराची यादी पाहावी. कोणते ॲप किती टक्के खाते ते तिथे दिसते, आणि बऱ्याचदा पहिल्या क्रमांकावर असे ॲप असते जे आपण दिवसभरात उघडलेलेच नसते. अँड्रॉइड फोन सेफ मोडमध्ये सुरू केला तर नंतर टाकलेली सर्व ॲप बंद राहतात. त्या अवस्थेत बॅटरी नीट टिकली तर दोष एखाद्या ॲपचा आहे हे जवळजवळ सिद्ध होते. दुसरे कारण म्हणजे कमजोर नेटवर्क. टॉवर दूर असला की फोन जास्त शक्तीने संकेत पाठवतो आणि पुन्हा पुन्हा टॉवर शोधत राहतो. मेळघाटात धारणी-चिखलदऱ्याकडे गेलेल्या कोणालाही हा अनुभव असेल: फोनला हातही न लावता संध्याकाळपर्यंत तो अर्ध्यावर येतो. अशा ठिकाणी गरज नसेल तेव्हा फोन एअरप्लेन मोडवर ठेवावा आणि ५जी पुरेसे पोहोचलेले नसेल तर ४जीवर स्थिर करावा. तिथल्या आरोग्यसेविकेची बॅटरी बदलून तिचे नेटवर्क सुधारणार नाही.

एवढे सगळे तपासूनही तक्रार राहिली तर बॅटरीवर संशय घेणे योग्य ठरते. जुन्या बॅटरीचा अंतर्गत रोध वाढलेला असतो. कॅमेरा उघडला किंवा कॉल आला की एकदम जास्त प्रवाह लागतो, व्होल्टेज कोसळते आणि २५ टक्के दिसत असतानाही फोन बंद पडतो. चार्जरला लावताच तो एकदम ४० टक्के दाखवू लागतो. ही थकलेल्या बॅटरीची खरी खूण आहे. ॲपलने आयफोन १४ आणि त्याआधीच्या फोनांसाठी ५०० पूर्ण आवर्तनांनंतर (एक आवर्तन म्हणजे एकूण शंभर टक्के चार्ज वापरून होणे), तर आयफोन १५ पासून पुढे १००० आवर्तनांनंतर ८० टक्के क्षमता राहील अशी रचना असल्याचे सांगितले आहे. रोज एकदा पूर्ण चार्ज करणाऱ्याच्या फोनची ५०० आवर्तने दीड वर्षात होतात, तेव्हा दोन-अडीच वर्षांनी बॅटरी थकणे यात अनैसर्गिक काही नाही.

ग्राहकाला बॅटरीची माहिती नसली तर काय होते, याचे मोठे उदाहरण याच ॲपलचे आहे. जुन्या बॅटरीचे आयफोन अचानक बंद पडू नयेत म्हणून कंपनीने त्यांचा वेग सॉफ्टवेअरद्वारे कमी केला होता आणि डिसेंबर २०१७ मध्ये तिला ते मान्य करावे लागले. तोवर असंख्य ग्राहक फोनच जुना झाला असे समजून नवा घेत होते, वास्तविक त्यांना केवळ बॅटरी बदलायची गरज होती. त्यानंतर भारतात बॅटरी बदलण्याचा दर ६,५०० रुपयांवरून २,००० रुपयांवर आणला गेला आणि २०१८ मध्ये बॅटरीची शिल्लक क्षमता फोनमध्येच दिसू लागली. आमच्याकडे आज उलट दिशेने तीच गोष्ट घडते आहे: बॅटरी ठीक असताना ती बदलली जाते. दोन्हींच्या मुळाशी असलेली उणीव एकच आहे. कित्येक अँड्रॉइड फोनांत, विशेषतः स्वस्त फोनांत, शिल्लक क्षमतेचा आकडा ग्राहकाला आजही सहज दिसत नाही.

म्हणूनच दुकानदाराने पुरावा द्यावा, आणि तो देणे अवघड नाही. यूएसबी मीटर ही अंगठ्याएवढी वस्तू काही शे रुपयांत मिळते आणि ती केबलच्या टोकाला लावली की फोन किती व्होल्टला किती प्रवाह घेतो ते लगेच दिसते. दुरुस्ती करणाऱ्या दुकानात डीसी पॉवर सप्लाय, म्हणजे बॅटरीऐवजी फोनला वीज देणारे उपकरण, असतोच. फोनची बॅटरी काढून, तो पॉवर सप्लायवर जोडून, चालू करण्याचे बटण न दाबता जर काटा प्रवाह दाखवू लागला तर फोनच्या बोर्डावर विजेची गळती आहे, आणि अशा फोनला कितीही नवी बॅटरी घातली तरी ती रात्रीतून उतरणार. ही दोन मिनिटांची तपासणी मी वर्गात शिकवत असे आणि माझे चांगले विद्यार्थी आजही ती ग्राहकासमोर करतात. ती न करता बॅटरी विकणारे अनेक आहेत, त्यांपैकी बहुतेकांची वृत्ती वाईट नाही. दहा ग्राहक रांगेत असतात आणि बॅटरी बदलणे हे सर्वांत झटपट होणारे काम असते, हे मला ठाऊक आहे. पण घाई ही दुकानदाराची अडचण आहे, तिची किंमत ग्राहकाने का मोजावी?

एका बाबतीत मात्र कोणतीही तपासणी करत बसू नये. फोनची मागची बाजू उचललेली दिसली, स्क्रीन कडेने वर आली किंवा टेबलावर सपाट ठेवलेला फोन डुगडुगू लागला तर बॅटरी फुगली आहे असे समजावे. आतील द्रावणाचे विघटन होऊन वायू साचल्याने असे होते. चार्जिंग ताबडतोब बंद करावे, फोन बंद करून जळाऊ वस्तूंपासून दूर ठेवावा, बॅटरी दाबून बसवण्याचा किंवा टोचून वायू काढण्याचा प्रयत्न करू नये, आणि फोन जाणकाराकडेच द्यावा. फुगलेली बॅटरी कचऱ्याच्या घंटागाडीत टाकणे अत्यंत धोक्याचे आहे, कारण दाबाखाली ती पेट घेऊ शकते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी ग्राहकावर बॅटरी घरगुती कचऱ्यापासून वेगळी ठेवण्याची आणि उत्पादकावर ती परत घेऊन पुनर्वापरासाठी पाठवण्याची जबाबदारी टाकली आहे, परंतु ती नेमकी कुठे नेऊन द्यायची हे आमच्या शहरातील सामान्य माणसाला कोणी सांगितलेले नाही. महानगरपालिकेने प्रत्येक प्रभाग कार्यालयात यासाठी एक वेगळी पेटी ठेवावी.

नवी बॅटरी घ्यावीच लागली तर ती घेताना सावध राहावे. भारतीय मानक ब्यूरोच्या सक्तीच्या नोंदणी योजनेखाली लिथियम बॅटरीवर आयएस १६०४६ हे मानक आणि ‘आर’ अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असणे आवश्यक आहे. ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये हा क्रमांक टाकला की तो कोणत्या उत्पादकाचा आहे ते दिसते. बॅटरी बसवण्याआधी तिच्यावरील उत्पादनाची तारीख पाहावी, कारण दोन वर्षे दुकानात उन्हाळे काढलेली ‘नवी’ बॅटरी नवी राहिलेली नसते. जुनी बॅटरी डोळ्यांनी पाहावी. आणि बिल घ्यावे, ज्यावर बॅटरीचा नोंदणी क्रमांक, तिची हमी आणि बदलण्याआधी आढळलेला दोष लिहिलेला असेल. फोन नवा असेल तर आधी वॉरंटी कार्ड वाचावे. फोनची मुदत वर्षाची असली तरी बॅटरी आणि चार्जरसाठी ती सहाच महिन्यांची असू शकते. वाद झालाच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे, पण हातात बिल नसेल तर तिथे तक्रार मांडणेही कठीण जाते.

शासनाकडून दोन गोष्टींची अपेक्षा आहे. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल सुरू केले आणि फोनसारख्या वस्तूंच्या दुरुस्तीसुलभतेचा, म्हणजे वस्तू दुरुस्त करणे किती सोपे आहे ते सांगणारा, निर्देशांक ठरवण्यासाठी नेमलेल्या समितीने मे २०२५ मध्ये आपला अहवाल दिला. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून विक्रीस येणाऱ्या फोनांच्या बॅटरीत ८०० आवर्तनांनंतर किमान ८० टक्के क्षमता राहणे बंधनकारक झाले आहे. आपल्या निर्देशांकातही बॅटरीची किंमत, ती किती वर्षे मिळेल आणि तिची शिल्लक क्षमता फोनमध्ये, मराठीसह सर्व भारतीय भाषांत, दिसते की नाही, या गोष्टींना ठळक स्थान असावे. युरोपच्या थंड हवेसाठी जे मानक आवश्यक वाटले ते ४५ अंशांत राहणाऱ्यांसाठी त्याहून जास्त आवश्यक आहे.

दुसरी अपेक्षा जिल्ह्यापुरती आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा ग्राहक संरक्षण परिषद असते. तिने मोबाइल दुरुस्तीच्या बिलाचा एक साधा मराठी नमुना तयार करून दुकानदारांच्या संघटनांकडे द्यावा. त्यात तपासणीत मोजलेले व्होल्टेज, प्रवाह आणि आढळलेला दोष यांसाठी तीन ओळी असाव्यात. त्याच जोडीला, औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत स्मार्टफोन तंत्रज्ञाचा अभ्यासक्रम आहे, त्याच्या विद्यार्थ्यांनी एप्रिल-मे महिन्यांत तालुक्याच्या आठवडी बाजारात फोन मोफत तपासून द्यावेत आणि पोर्ट, केबल, ॲडॉप्टर की बॅटरी, याची चिठ्ठी लिहून द्यावी. विद्यार्थ्यांना सराव मिळेल आणि ग्राहक दुकानात हातात निदान घेऊन जाईल. यासाठी लागणारी उपकरणे संस्थांच्या कार्यशाळांत आहेत किंवा थोड्या पैशांत आणता येतील, निदेशकांचीही तयारी असेल याची मला खात्री आहे. जिल्हा पातळीवरून परवानगीचे पत्र तेवढे निघायला हवे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिल्प निदेशक, अकोला